दुसऱ्या राज्यात प्रोबेशनच्या वॉरंटवर अटक: अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. काही अटक झालेल्याच्या बायकोचे असतात, काही रूममेटचे आणि बरेचसे पुण्या-नाशिकहून आईवडिलांनी मध्यरात्री पाठवलेले. दोन शब्द सगळीकडे येतील. जिथे शिक्षा झाली आणि जिथून वॉरंट निघालं ते 'मूळ राज्य', आणि जिथे पोलिसांनी पकडलं ते 'अटकेचं राज्य'. उदाहरणापुरतं मूळ राज्य जॉर्जिया आणि अटकेचं राज्य टेक्सस धरलं आहे. कायद्याचे तपशील राज्यागणिक बदलतात, त्यामुळे हे पान वकिलाची जागा घेऊ शकत नाही. पण वकिलाला काय विचारायचं आणि त्याआधी काय टाळायचं, हे इथे मिळेल.

१. प्रोबेशन म्हणजे नक्की काय? मुलगा तर दंड भरून सुटला होता ना?

सुटला नव्हता, शिक्षाच भोगत होता. कोर्टाने दोषी धरून तुरुंगाऐवजी ठराविक मुदतीसाठी अटींवर बाहेर ठेवलं, की त्याला प्रोबेशन म्हणतात. तुरुंगात काही काळ काढल्यावर उरलेल्या शिक्षेसाठी बाहेर सोडतात ते पॅरोल. जॉर्जियात पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी ठरलात तरी साधारण १२ महिने प्रोबेशन लागतं. तुरुंगात काढलेले दिवस त्यातून वजा होतात. अटी नेहमीच्या असतात: ऑफिसरकडे हजेरी, दरमहा फी, क्लास, समाजसेवेचे तास, पत्ता बदलला तर कळवणं, राज्य सोडण्याआधी परवानगी. आपल्या लोकांचा घोटाळा बहुतेक वेळा शेवटच्या दोन अटींवर होतो. नोकरी बदलते, क्लायंट दुसऱ्या शहरात असतो, सामान गाडीत भरून माणूस निघतो. मनात एकच असतं, दंड भरला, विषय संपला.

२. वॉरंट निघाल्याची नोटीस आलीच नाही. असं कसं?

नोटीस यावीच लागते असं नाही. अट मोडल्याचं प्रोबेशन ऑफिसर शपथेवर लिहून देतो आणि जज वॉरंटवर सही करतो. तुम्हाला बोलावलं जात नाही. पत्र गेलंच तर जुन्या पत्त्यावर जातं. असं वॉरंट आपोआप रद्द होत नाही. गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पोलीस थांबवतात आणि तेव्हा ते बाहेर येतं, कधी कधी चार-पाच वर्षांनी.

३. केस जॉर्जियाची, मग टेक्ससच्या पोलिसांना पकडायचा अधिकार कुठून आला? भारतात तर असं नसतं.

भारतात फौजदारी कायदा देशभर एक आहे आणि अटकेचं वॉरंट देशात कुठेही बजावता येतं. मुंबई पोलिसांनी बंगळुरूत कुणाला पकडलं, तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड घेऊन ते त्याला आणतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याची फौजदारी सत्ता स्वतंत्र आहे. जॉर्जियाचा पोलीस टेक्ससमध्ये जाऊन माणूस उचलून आणू शकत नाही. त्याऐवजी फरारी माणूस मागणाऱ्या राज्याच्या हवाली करण्याचं बंधन राज्यघटनेच्या चौथ्या कलमाने प्रत्येक राज्यावर घातलं आहे. यालाच एक्स्ट्राडिशन म्हणतात. शब्द देशादेशांतल्या प्रत्यार्पणाचाच आहे, फक्त इथे तो दोन राज्यांमध्ये लागू होतो. बहुतेक राज्यांनी त्यासाठी एकसारखा कायदा स्वीकारला आहे, त्यामुळे दिवसांचे आकडे बऱ्याच ठिकाणी सारखे दिसतील.

पोलिसांना वॉरंट दिसतं ते एफबीआयच्या एनसीआयसी या संगणकीय यादीत. ती १९६७ पासून चालू आहे. लायसन्सचा नंबर टाकला की काही सेकंदांत उत्तर येतं.

४. साधं मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) आहे. त्यासाठी कुणी हजार मैलांवरून न्यायला येईल का?

कधी येतात, कधी नाही. हे वॉरंटवरच ठरलेलं असतं. यादीत नोंद करताना मूळ राज्य लिहितं की माणूस देशात कुठेही सापडला तरी आम्ही येऊ, किंवा फक्त शेजारच्या राज्यांतून नेऊ, किंवा राज्याबाहेरून नेणारच नाही. न्यायचा खर्च मूळ राज्याच्या माथी असतो, म्हणून मिसडिमीनरच्या वॉरंटवर अनेकदा मर्यादा असते. फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, मात्र बहुधा येतात.

यातून एक धोकादायक समज तयार होतो: "टेक्ससमध्ये राहिलो तर मला काही होत नाही." वॉरंट तिथेच असतं. दुसरीकडे जाणाऱ्या विमानाचं जॉर्जियातल्या अटलांटाला कनेक्शन असलं तरी पुरे. शिवाय मर्यादा नंतर बदलताही येते.

५. आत्ता जेलमधून फोन आलाय. या क्षणी काय करू?

आधी फोनवर केसबद्दल एक अक्षर बोलू नका. जेलचे फोन रेकॉर्ड होतात आणि ते रेकॉर्डिंग सरकारी वकिलाला मिळतं. मराठीत बोललो म्हणजे सुटलो असं नाही, भाषांतर करून घेतात. "हो रे, तू सांगायला हवं होतंस की तू मूव्ह झालास" हे आईचं कळवळून म्हटलेलं वाक्यसुद्धा परवानगीशिवाय राज्य सोडल्याचा पुरावा ठरू शकतं. फोनवर विचारायचं ते एवढंच: कुठल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) जेलमध्ये आहेस, बुकिंग नंबर काय, औषधं कोणती लागतात, जजसमोर कधी नेणार आहेत. त्यालाही बजावा की सोबतच्या कैद्यांशी किंवा पोलिसांशी केसबद्दल बोलायचं नाही आणि वकिलाशिवाय कशावरही सही करायची नाही.

मग मूळ राज्यातल्या कोर्टाच्या क्लार्कच्या ऑफिसला फोन करून केस नंबर, वॉरंटची तारीख आणि कुठली अट मोडल्याचा आरोप आहे हे काढा. नातेवाईक ही चौकशी करू शकतात.

आणि त्याच दिवशी मूळ राज्यात वकील शोधायला लागा. यावर आमचा सगळ्यांत जास्त भर आहे, कारण बहुतेक कुटुंबं उलट करतात. माणूस डॅलसच्या जेलमध्ये असतो म्हणून सगळे पैसे डॅलसच्या वकिलावर खर्च होतात. अटकेच्या राज्यातला जज फक्त एवढंच बघतो की याला पाठवायचं की नाही. अट मोडली का आणि पुढे काय, हे जॉर्जियाचा जज ठरवतो. पैसे मोजकेच असतील तर अटकेच्या राज्यात पब्लिक डिफेंडर (सरकारी खर्चाने मिळणारा बचावाचा वकील) मागा आणि खाजगी वकील मूळ राज्यात करा. शक्यतो ज्याने आधीची केस चालवली तोच.

६. जामिनावर आज सोडवता येईल का?

बऱ्याचदा नाही. प्रोबेशनच्या वॉरंटवर अनेकदा 'नो बॉन्ड' (जामीन नाही) लिहिलेलं असतं. बेल बॉन्ड कंपनीवाले फोनवर आशा दाखवतात, पण होल्ड, म्हणजे दुसऱ्या राज्यासाठी माणसाला अडवून ठेवण्याची नोंद, असेल तर ते काही करू शकत नाहीत. पैसे देण्याआधी जेलला विचारा की रक्कम भरली तर माणूस खरंच बाहेर येईल का.

अपवाद आहेत. अनेक राज्यांच्या कायद्यात गव्हर्नरचं वॉरंट (प्रश्न ८) येईपर्यंतच्या काळात जज जामीन देऊ शकतो, गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल तर. प्रोबेशन मोडल्याच्या आरोपात ही सोय द्यायची की नाही, यात राज्याराज्यात फरक आहे, म्हणून तिथल्या वकिलाला हे पहिल्याच दिवशी विचारा. गव्हर्नरचं वॉरंट आल्यावर बहुतेक ठिकाणी जामिनाचा रस्ता बंद होतो. ज्यांचं प्रोबेशन रीतसर दुसऱ्या राज्यात ट्रान्सफर झालंय त्यांच्यासाठी नियम आणखी कडक आहे, प्रश्न १२ पाहा.

७. वेव्हर ऑफ एक्स्ट्राडिशनवर सही करायला सांगतायत. करावी का?

ही सही म्हणजे "मला पाठवण्याविरुद्ध सुनावणी नको, मी जायला तयार आहे." अट मोडल्याची कबुली त्यात नसते. सही जजसमोर होते आणि त्याआधी जजने वकिलाचा हक्क आणि हेबिअस कॉर्पसचा (अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा) हक्क समजावून सांगायचा असतो.

माणूस तोच आहे, वॉरंट खरं आहे आणि मूळ राज्य न्यायला येणार हे नक्की असेल, तर बहुतेक वकील सही करायला सांगतात. न केल्याने फक्त अटकेच्या राज्यातले जेलचे दिवस वाढतात. मूळ राज्यातल्या जजपुढे "याने अडवणूक केली नाही" असं म्हणता येतं, त्याचाही थोडा उपयोग होतो.

पण डोळे मिटून सही करू नका. वॉरंट मर्यादित असेल आणि मूळ राज्य बहुधा येणार नसेल, तिकडचा वकील वॉरंट मागे घ्यायचा अर्ज करणार असेल (प्रश्न १०), किंवा माणूसच चुकीचा पकडला असेल (प्रश्न १७), तर सहीआधी दोन्ही वकिलांचं आपसात बोलणं होऊ द्या. बहुतेक वेळा एक-दोन दिवस थांबून काही बिघडत नाही.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. प्रोबेशन सुरू होताना ज्या कागदांवर सह्या घेतात, त्यात बऱ्याच ठिकाणी हा वेव्हर आधीच असतो. तसं असेल तर आता नकार देण्याला फारसा अर्थ उरत नाही. जुने कागद घरात शोधा.

८. सही केली नाही तर किती दिवस आत राहावं लागेल?

बहुतेक राज्यांत जज आधी ३० दिवसांपर्यंत ठेवू शकतो, म्हणजे तेवढ्यात मूळ राज्याने कागदपत्रं करावीत. कागद आले नाहीत तर आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढते. एकूण ९०. कागद म्हणजे जॉर्जियाच्या गव्हर्नरची मागणी आणि त्यावरून टेक्ससच्या गव्हर्नरने काढलेलं वॉरंट. ते आल्यावर आव्हान दिलं तर त्या सुनावणीचा वेळ वेगळा.

सही केल्यावर साधारणपणे काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत नेतात.

९. टेक्ससच्या जजला सगळे कागद दाखवले तर? क्लास पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट आमच्याकडे आहे.

ते सर्टिफिकेट जपून ठेवा, पण ते जॉर्जियाच्या जजसाठी. इथला जज काय तपासू शकतो हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मिशिगन विरुद्ध डोरान या खटल्यात आखून दिलं आहे. चारच गोष्टी: कागद वरवर पाहता ठीक आहेत का, मागणाऱ्या राज्यात त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे का, पकडलेला माणूस तोच आहे का, आणि तो फरारी आहे का. दोषी ठरून प्रोबेशनवर असलेल्याच्या बाबतीत दुसरी गोष्ट आपोआप पूर्ण होते. आरोप खरा की खोटा, घरी लहान मूल आहे, नोकरी जाईल, यातलं काहीही इथे ऐकलं जात नाही. वकिलाने तसं वचन दिलं तर वकील बदला.

गव्हर्नरने दयेपोटी नकार द्यावा ही आशाही धरू नका. १८६१ च्या निकालानुसार फेडरल कोर्ट गव्हर्नरवर सक्ती करू शकत नव्हतं. १९८७ मध्ये पोर्तो रिको विरुद्ध ब्रॅनस्टॅड या खटल्यात तो निकाल उलटला.

१०. त्याला तिकडे न नेता प्रकरण मिटू शकतं का?

काही वेळा हो, आणि म्हणूनच मूळ राज्यातला वकील हवा. तो प्रोबेशन ऑफिसरशी आणि सरकारी वकिलाशी बोलतो, राहिलेली फी भरतो, क्लासचं सर्टिफिकेट किंवा समाजसेवेची पत्रं देतो आणि जजकडे वॉरंट मागे घ्यायचा अर्ज करतो. जज तयार झाला तर होल्ड उठतो आणि माणसाला ठरलेल्या तारखेला स्वतःहून हजर राहायला सांगतात. दुसरा मार्ग म्हणजे वॉरंटवर जामिनाची रक्कम ठरवून घेणं.

हे तांत्रिक उल्लंघनात जमतं. फी थकली, क्लास राहिला, पत्ता कळवला नाही असे प्रकार. नवा गुन्हा, मारहाण किंवा कुणाशी संपर्क करू नये हा आदेश मोडल्याचा आरोप असेल तर कठीण. जॉर्जियात मिसडिमीनरचं प्रोबेशन अनेक काउंट्यांत खाजगी कंपन्या सांभाळतात. तिथे वकिलाने कंपनीशी बोलणं हा कामाचा मोठा भाग असतो, पण वॉरंट मागे घेतो तो जजच. कंपनीच्या माणसाने "पैसे भरा, मी बघतो" म्हटलं तर कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत वॉरंट जिवंत आहे असंच धरा.

११. मुदत संपली, तरी कुणी न्यायला आलं नाही. मग?

सुटका मागता येते. फेडरल कायद्यातही ३० दिवसांत मूळ राज्याचा माणूस आला नाही तर कैद्याला सोडता येईल अशी तरतूद आहे. पण कुणी आपणहून दार उघडत नाही, वकिलाला अर्ज करावा लागतो. आणि सुटल्यावर वॉरंट संपत नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या काउंटीत पुन्हा अटक होऊ शकते. बाहेर आल्या आल्या प्रश्न १० मधली वाट धरा.

न्यायला आलेच, तर कधी काउंटीचे अधिकारी विमानाने नेतात, कधी खाजगी कंपनीची व्हॅन येते. ही व्हॅन वाटेत अनेक जेलमधून कैदी घेत आणि सोडत जाते, त्यामुळे हातापायात बेड्या असताना प्रवास कित्येक दिवस चालू शकतो. या काळात जेलच्या यादीत नाव दिसत नाही आणि घरचे घाबरून जातात. मधुमेह, रक्तदाब, फिट येणं असं काही असेल तर निघण्याआधी जेलच्या वैद्यकीय विभागाला डॉक्टरचं पत्र लेखी द्या आणि औषध सोबत पाठवलं का हे वकिलामार्फत विचारा. या बाबतीत संकोच करू नका, रोज विचारा.

१२. आम्ही प्रोबेशन रीतसर टेक्ससला ट्रान्सफर करून घेतलं होतं. तरी हेच नियम?

नाही, वेगळे. राज्याराज्यांत एक करार आहे आणि त्यात पन्नासही राज्यं आहेत. आजचं त्याचं रूप २००२ पासून लागू आहे, आधीचा करार १९३७ चा. या कराराखाली ट्रान्सफर मागतानाच एक्स्ट्राडिशनचा हक्क सोडल्याची सही घेतली जाते. त्यामुळे गव्हर्नरचे कागद लागत नाहीत, मूळ राज्याचे अधिकारी येऊन नेऊ शकतात. या वॉरंटवर धरलेल्याला जामीन मिळत नाही. केवळ त्याच वॉरंटवर ठेवलं असेल, तर मूळ राज्याने ३० दिवसांत न्यायचं असतं.

याच्या बदल्यात एक हक्क मिळतो. प्रोबेशन रद्द होण्याची शक्यता असेल तर नेण्याआधी, उल्लंघन जिथे झालं त्याच्या जवळ, प्राथमिक सुनावणी मागता येते. साक्षीदार तिथेच असतात, म्हणून. ही सुनावणी सहीने सोडून देता येते आणि नव्या गुन्ह्यात दोषी ठरला असेल तर ती होत नाही. सोडण्याआधी वकिलाला विचारा.

प्रोबेशन सुनावणीचा पायाभूत निकालही अशाच दोन राज्यांच्या प्रकरणातून आला. गॅग्नन विरुद्ध स्कारपेली, १९७३. शिक्षा विस्कॉन्सिनची, राहायची परवानगी इलिनॉयची आणि अटकही इलिनॉयमध्येच. त्याचं प्रोबेशन सुनावणीशिवाय रद्द केलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं.

ट्रान्सफर सगळ्यांना लागू नसतं. मिसडिमीनरमध्ये प्रोबेशन वर्षभराचं किंवा जास्त हवं आणि गुन्हा ठराविक प्रकारातला हवा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा दुसरा किंवा नंतरचा गुन्हा त्यात येतो, पहिला येत नाही. त्यात बसत नसाल तरी परवानगी लागतेच, फक्त ती थेट ऑफिसरकडून लेखी घ्यायची असते.

१३. टेक्ससमध्ये नवी केसही आहे. आधी त्याचा जामीन भरू का?

थांबा. पैसे आणि दिवस दोन्ही इथेच वाया जातात. नव्या केसचा जामीन भरला तरी जॉर्जियाच्या होल्डमुळे माणूस आतच राहतो. पैसे मात्र गेले. उलट बाजूही आहे: जामीन न भरल्यास तो नव्या केससाठी आत असतो आणि ते दिवस जॉर्जियाच्या खात्यात मोजले जातीलच असं नाही. कोणता क्रम फायद्याचा, हे दोन्ही वकिलांनी मिळून ठरवायचं. माणसाला आधी पाठवायचं की इथली केस आणि शिक्षा पूर्ण झाल्यावर, हे टेक्ससचा गव्हर्नर ठरवू शकतो.

इथे शिक्षा होऊन जॉर्जियाचा डिटेनर (याला सुटकेनंतर आमच्या हवाली करा, अशी तुरुंगाला दिलेली सूचना) लागला, तर तुरुंगातले कैदी सांगतात की १८० दिवसांचा अर्ज टाक, त्यांना तुला नेऊन केस चालवावी लागेल. हा अर्ज राज्याराज्यांतल्या ज्या करारात येतो, तो अजून निकाल न लागलेल्या आरोपांसाठी आहे. प्रोबेशन उल्लंघनाच्या डिटेनरला तो लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये कार्चमन विरुद्ध नॅश खटल्यात सांगितलं. म्हणजे शिक्षा भोगून संपेपर्यंत ते वॉरंट डोक्यावर राहू शकतं. मूळ राज्यातला वकील जजला विनंती करून आधीच निकाल मिळवू शकतो का, ते विचारा.

१४. जॉर्जियाला पोचल्यावर काय होतं?

सुनावणी जजसमोर होते, ज्युरी नसते. गुन्हा सिद्ध करताना लागतो तेवढा भक्कम पुरावा लागत नाही. उल्लंघन झालं असण्याची शक्यता जास्त दिसली तरी बहुतेक राज्यांत पुरतं. आरोप लेखी मिळणं, आपली बाजू मांडणं, साक्षीदार आणणं हे हक्क आहेत. प्रत्येक प्रकरणात सरकारी खर्चाने वकील मिळेलच असं राज्यघटना सांगत नाही, पण अनेक राज्यांत मिळतो, म्हणून मागाच.

निकाल चार प्रकारचे: आहे तसं पुढे चालू, अटी वाढवून चालू, मुदत वाढवून, किंवा रद्द करून तुरुंग.

पैसे नसल्यामुळे फी थकली असेल तर हे नक्की मांडा: १९८३ च्या बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया निकालानुसार, माणसाने मुद्दाम भरले नाहीत की खरोखर भरू शकत नव्हता याची चौकशी केल्याशिवाय केवळ पैशांसाठी तुरुंगात टाकता येत नाही. नोकरी गेल्याचं पत्र, बँकेचे उतारे, घरभाड्याचा करार असं सगळं घेऊन जा.

गांजाचा प्रश्नही इथेच घेऊ. "कोलोरॅडोत कायदेशीर आहे, तिथे घेतला" हे उत्तर सहसा चालत नाही. प्रोबेशनच्या अटी माणसाबरोबर जातात, आणि फेडरल कायद्यात गांजा आजही बेकायदा आहे.

१५. टेक्ससच्या जेलमधले दिवस शिक्षेतून वजा होतात का? आणि प्रोबेशनची मुदत तर केव्हाच संपली होती.

फक्त या वॉरंटवर ठेवलं असेल तर बहुतेक राज्यांत ते दिवस वजा मागता येतात. जेलकडून तारखांचं लेखी पत्र घ्या, ते आपोआप जॉर्जियाला पोचत नाही. मुदतीचं म्हणाल, तर वॉरंट निघालं की जॉर्जियासह अनेक राज्यांत मुदतीचं घड्याळ थांबू शकतं. म्हणून "१२ महिने उलटले" एवढ्यावर विसंबू नका. वॉरंट मुदत संपण्याआधी निघालं की नंतर, हे तपासून घ्या. नंतर निघालं असेल तर तो वकिलाच्या हातातला मोठा मुद्दा आहे.

१६. एच-वन-बी आहे. ग्रीन कार्डची फाईल चालू आहे. याचा परिणाम?

होतो, आणि कधी कधी मूळ शिक्षेपेक्षा मोठा. फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकील घ्याच. काही मुद्दे:

आत असताना नोकरी गेली, तर एच-वन-बीवर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, तीही अमेरिकेत राहण्याच्या परवानगीची मुदत त्याआधी संपत नसेल तर. प्रश्न ८ मधले ९० दिवस याशेजारी ठेवून पाहा. म्हणूनच वेव्हरचा निर्णय इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका. बायकोचा एच-फोर त्याच्याच स्टेटसवर उभा असतो.

"डिफर्ड ॲडज्युडिकेशन (दोषी ठरवणं पुढे ढकलणं) होतं, म्हणजे कन्व्हिक्शन (दोषी ठरणं) नाही" हे राज्याच्या कायद्यात खरं असेल. इमिग्रेशन कायद्यात मात्र गुन्हा कबूल करून कोर्टाने काही शिक्षा किंवा बंधन घातलं की ते कन्व्हिक्शन धरतात.

प्रोबेशन रद्द होऊन नव्याने दिलेली शिक्षाही मोजली जाते. चोरीच्या किंवा हिंसेच्या गुन्ह्यात ती एक वर्ष किंवा जास्त झाली, तर ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येईल इतका गंभीर वर्ग लागू शकतो. ३६४ दिवस आणि ३६५ दिवस यांत इथे संसाराचा फरक पडतो. वकिलाने जजपुढे हे बोललंच पाहिजे.

घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात संरक्षण आदेश मोडल्याचं कोर्टाने नोंदवलं, तर नवं कन्व्हिक्शन नसतानाही देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण होऊ शकतं. "बायकोनेच फोन केला होता" असं असलं तरी. अशा आरोपाची कबुली घाईने देऊ नका.

इमिग्रेशन खात्याने डिटेनर लावला, तर सुटकेच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत थांबवून ठेवायची विनंती ते जेलला करतात. गुन्हा कबूल करण्याचे इमिग्रेशनवरचे परिणाम सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी निकालात ठरलं आहे. तेव्हा विचारायला लाजू नका.

भारतीय नागरिकाने मागितलं तर अटकेची माहिती भारतीय दूतावासाला द्यावी लागते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने हा हक्क दिला आहे. दूतावास केस लढत नाही, पण चौकशी करतो, भेट घेऊ शकतो, वकिलांची यादी देतो.

१७. नाव सारखं आहे, पण माणूस वेगळा आहे. कसं पटवायचं?

प्रश्न ९ मधल्या चार गोष्टींपैकी ही एक, त्यामुळे इथलाच जज ऐकतो. सही करू नका. मूळ केसमधले बोटांचे ठसे आणि फोटो मागवायला वकिलाला सांगा. ठसे जुळले नाहीत की प्रश्न मिटतो. त्या तारखांना भारतात होता याचे पासपोर्टवरचे शिक्केही द्या. आडनाव पाटील किंवा जोशी असेल आणि पोलिसांनी वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून गाळलं असेल, तर घोळ होऊ शकतो.

१८. आम्ही पुण्यात आहोत. इथून काय करता येईल?

शेरीफच्या वेबसाइटवर कैद्यांची यादी असते, तिथे नाव शोधा. जेलच्या खात्यात पैसे भरता येतात, त्यातून तो फोन आणि खाण्याचं सामान घेतो. शाकाहारी असेल तर त्याने स्वतः लेखी अर्ज करायचा, तोंडी सांगून भागत नाही. इंग्रजी कोर्टात नीट कळत नसेल तर दुभाष्या मागायचा, आणि हिंदी नको, मराठी हवा असेल तर तसं स्पष्ट सांगायचं.

"मी शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा, मुलगा सुटेल" असा फोन आला तर तो ठगाचा आहे. कोणतंही कोर्ट गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोमध्ये पैसे घेत नाही. फोन ठेवा आणि जेलच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन करा.

१९. प्रोबेशन फेडरल कोर्टाचं आहे.

मग यातलं बरंच लागू नाही. फेडरल सत्ता देशभर एकच, त्यामुळे एक्स्ट्राडिशन नाही. पकडलेल्या जिल्ह्यातल्या फेडरल मॅजिस्ट्रेटसमोर नेतात आणि तिथून मूळ जिल्ह्याकडे पाठवतात. फेडरल डिफेंडर मागा.

२०. प्रोबेशन चालू असतानाच तो कायमचा भारतात परतला. आता वॉरंट आहे असं कळलं. भारतातून पकडून नेतील का?

भारत-अमेरिका प्रत्यार्पण करार १९९७ मध्ये झाला. त्यात दोन्ही देशांत एक वर्षापेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे येतात. साधं मिसडिमीनर त्यात बसत नाही, गंभीर फेलनी बसू शकते. पण खरी अडचण वेगळी येते. बहिणीच्या लग्नाला किंवा कंपनीच्या कामाला तो पुन्हा अमेरिकेला जातो, नेवार्कला किंवा शिकागोला इमिग्रेशन काउंटरवर पासपोर्ट स्कॅन होतो, यादीत वॉरंट दिसतं आणि त्याला स्थानिक पोलिसांच्या हवाली करतात. तिथून पुढे प्रश्न ५ पासून सगळं लागू. व्हिसाच्या अर्जातही अटक आणि शिक्षेची माहिती विचारतात, ती लपवली तर वेगळाच आणि जास्त अवघड गुंता होतो.

तिकीट काढण्याआधी मूळ राज्यातला वकील गाठा. काही जज वकिलामार्फत किंवा व्हिडिओवर हजेरी मान्य करून, राहिलेल्या अटी भारतातूनच पूर्ण करून घेऊन केस बंद करतात. समाजसेवेचे तास इथल्या नोंदणीकृत संस्थेत केल्याचं लेटरहेडवरचं पत्र, ऑनलाइन क्लासचं सर्टिफिकेट आणि थकलेली रक्कम भरल्याची पावती एवढी तयारी करून वकिलाशी बोललात तर त्याचं काम सोपं होतं. केस बंद झाल्याच्या आदेशाची शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि प्रवासात पासपोर्टबरोबर ठेवा, कारण यादीतली नोंद निघायला कधी कधी वेळ लागतो.